गिटारखालची बाई

हेडफोनमध्ये ती बाई पुन्हा बोलली. "आयकतोस ना रे?"

मी दचकून मागे पाहिलं. भर दुपार, बहारीनमधल्या मनामा शहरातलं आमचं छोटं ऑफिस, आणि मी एकटा. जुन्या टेप्स डिजिटल करून देणं हे माझं काम. मशीनवर कॅसेट होती एका अमेरिकन अंडरग्राउंड रॉक बँडच्या अल्बमची. किंचाळणाऱ्या, खरखरणाऱ्या गिटार. पुढचे कित्येक बँड म्हणे त्यावरच शिकले. त्यात कोकणातली बाई कुठून आली?

मूळ अल्बम नेटवर लावला. त्यात ती नव्हती. कॅसेटवर मात्र गिटार जरा दबल्या की तोच प्रश्न. मग थोडी शांतता, जणू ती उत्तराची वाट बघतेय.

बॉस मॅथ्यूसर आत आले. "कितना नॉइज है! निकालो, खलास."

"सर, ये नॉइज ही गाना है."

कॅसेट सलीमभाईंची. मूळचे रत्नागिरीचे, इथे शिपिंग ऑफिसात क्लार्क. त्यांना फोन लावला.

"हा अल्बम नेटवर स्वच्छ मिळतो. तुम्हाला हीच कॅसेट का हवी?"

"नेटवरच्यात काहीतरी कमी वाटतं. काय, ते सांगता येत नाही."

मी फोन ठेवून पुन्हा हेडफोन लावले.

टेपवर नवीन भरताना जुनं आधी पुसायचं काम इरेज हेड करतो. तो कमजोर असला की जुना आवाज खाली पुसट उरतो. मी मूळ अल्बम कॅसेटशी जुळवून त्यातून वजा करायला बसलो. कॅसेटचा स्पीड हलतो, म्हणून एकेक छोटा तुकडा घेऊन. दोन दिवसांनी अकरा सेकंद हाती लागले.

सलीमभाईंना बोलावून ऐकवलं.

"येव नको रे, सलीम. मी बरी हाय. आयकतोस ना रे?"

त्यांनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "आई आहे. तेव्हा घरून पत्राऐवजी कॅसेट यायची. मला वाटलं, या कॅसेटमध्ये ती परत ये म्हणून रडली असेल. रागात न ऐकताच त्याच कॅसेटवर हा अल्बम भरला. पुढच्या महिन्यात आई गेली."

"बाकीचं निघालं नाही, सलीमभाई."

"असू दे."

मी अकरा सेकंदांची फाइल पेन ड्राइव्हवर घालून दिली. दारातून ते परत वळले. "गिटारवाली पण दे. इतकी वर्षं ती मला तशीच ऐकू येत होती."

तेव्हापासून कुणी नॉइज काढा म्हटलं, की मी आधी विचारतो, कुठला?