मुराळ्याचा फोन

हे मी कुणालाच बोलले नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आमच्या ताईंना तर नाहीच. आज तुम्हाला सांगते.

मारहाण सोसून घर सोडलेल्या बायका आणि त्यांची लेकरं जिथं राहतात, अशा नाशिकच्या एका संस्थेत मी स्वयंपाक करते. ताई ती चालवतात. तिथला मोठा नियम — फोनवर कुणाचं नाव घ्यायचं नाही, पत्ता द्यायचा नाही. नव्या बायकांना तो मीच सांगायचे, अगदी हात नाचवून!

वैशाली आली तेव्हा हनुवटीला टाके होते. नवऱ्यानं विळा मारलेला. कडेवर दोन वर्षांची परी. दिवसभर माझा पदर धरून फिरायची, जीव लावला होता हो पोरीनं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी ताई कोर्टात गेलेल्या. फोन वाजला. "मावशी, मी वैशूचा भाऊ, नांदगावचा. मुराळी म्हणून आलोय, सीबीएस स्टँडला उभा हाय. आई लय रडती वो."

मुराळी! सणाला बहिणीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. तीस वर्षांत माझ्या दारात एकदाही आला नाही कुणी. वाटलं, हिचा तरी आला — आणि मी पत्ता देऊन बसले.

भाऊ खराच होता. साडी घेऊन आला. वैशाली त्याच्या गळ्यात पडून रडली, मग परीला घेऊन हसत रिक्षात बसली. पुढच्या चौकात तिचा नवरा उभा होता, हे मागाहून कळलं. सख्ख्या भावानं बहीण त्याच्या हवाली केली! मेल्याच्या जिवाला काही वाटलं नसेल? पण त्याला शिव्या घालून माझं काय सुटतं? दार तर मीच दाखवलं ना?

ताईंनी विचारलं, पत्ता कुणी फोडला? झडतीत तिथंच राहणाऱ्या सुनंदाच्या गादीखाली लपवलेला मोबाईल निघाला. सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. ती शपथा घेत होती, सारखी माझ्याकडं बघत होती — मावशी, तुम्ही तरी बोला. मी भाकरी थापत राहिले. संध्याकाळी ती लेकराला घेऊन निघून गेली. कुठं? मी विचारलंसुद्धा नाही.

परवा वैशाली परत आली. हात प्लास्टरमध्ये. परी आता हाकेला ओ देत नाही.

जेवायला बसली तेव्हा म्हणाली, "त्या सुनंदानं माझं वाटोळं केलं, मावशी. इथं एक तुमचाच भरवसा हाय."

मी म्हणाले, "हो गं बाई." आणि तिला वरण वाढलं.