सातवी तार काढल्यानंतर

इथले भुताखेतांचे धागे मी फक्त टिंगल करायला उघडतो, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. त्यापायी दोघातिघांनी मला ब्लॉकही केलंय. आज लिहायची पाळी माझ्यावर आली… घ्या सूड उगवून.

डहाणूत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि गिटारी दुरुस्त करायचं खूळ आहे. तलासरीजवळच्या एका पाड्यावरचा माझा मित्र सुरेश लग्नांमध्ये बँजो पार्टीत गिटार वाजवतो. त्यांचा बेसवाला वापीला कंपनीत लागला, म्हणून सुरेशने स्वस्तातली सात तारांची, म्हणजे नेहमीच्या सहांहून बेससारखी एक जाड तार जास्त असलेली इलेक्ट्रिक गिटार मागवली — एकीवरच दोन्ही कामं भागवायला. परत करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. "तू येऊन बघ, मगच ठेवतो," म्हणाला. रविवारी आशागडवरून हायवेला लागलो आणि अकराच्या सुमारास त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो.

गिटार खरं तर वाईट नव्हती. मान सरळ, पिकअपचा आवाज भरदार. मानेवरच्या फ्रेटच्या पट्ट्यांच्या कडा मात्र बोटं कापतील अशा, आणि सातवी, सगळ्यात जाड तार नुसती लोळत होती. ॲम्प लावून ती छेडली — घुम्म. त्यासरशी सुरेशची बायको सुनंदा पोरीला उचलून धावत अंगणात आली.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या भागात काही वर्षांपासून भूकंपाचे धक्के बसतात, आणि पुष्कळदा आधी जमीन घुमल्यासारखा आवाज येतो. तो ऐकला की कोणी विचार करत बसत नाही, सरळ बाहेर पळतात.

आम्ही दोघं हसलो. फार हसलो, आता लाज वाटते.

"हसा," सुनंदा म्हणाली. "आता वाजवलंत तर मी नाय येणार बाहेर. भाकरी करपली माझी."

ती पोरीला घेऊन आत गेली. चूल घराच्या मागच्या भिंतीला लागून होती.

सातवी तार बदलून बघू म्हटलं. ती काढली आणि गुंडाळून मुठीत धरली. गिटार बाजेवर ठेवली, ॲम्प चालूच, गिटारच्या शेंड्याला सूर दाखवणारा क्लिपचा ट्यूनर. सुरेश माझ्या बॅगेत नवी तार शोधत होता.

आणि तोच आवाज आला. ॲम्पमधून. घुम्म… थांबेचना. ट्यूनरवर हिरवा दिवा आणि 'बी' हे अक्षर. सातव्या तारेचा सूर. मी मूठ उघडून बघितली, तार हातातच होती. सुरेश बॅगेत हात घालून तसाच थिजला. सुनंदाला हाक मारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही, हे कबूल करतो.

ती आपणच आली. एका हाताला पीठ, कडेवर पोर, डोळ्यांत राग.

"दादा, एकदा सांगून कळत नाय का तुम्हाला?"

ॲम्पचं बटण बंद करायला ती वाकली आणि जमीन हलली. दोन-तीन सेकंद असतील. घरातून धाडकन आवाज आला, धूळ आमच्या अंगावर. मागची भिंत चुलीवर कोसळली होती. सुनंदाची बसायची जागा विटांखाली होती.

नंतर मी डोकं खूप खाजवलं. विजेची गुणगुण म्हणावी, तर तिचा सूर ठरलेला असतो, ट्यूनरने 'जी'च्या जवळचं काहीतरी दाखवलं असतं. बाकीच्या सहा तारा इतक्या खालच्या सुरात जातच नाहीत. जमीनच घुमली म्हणावं, तर ते स्पीकरमधून कसं आलं? ज्यांना कळेल त्यांनी सांगावं, मी टिंगल करणार नाही.

सुरेशने गिटार ठेवून घेतली. त्या दिवसाबद्दल तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. सुनंदा मात्र येईल त्याला सांगते, "दादांनी वाजवायचं थांबवलं नाय म्हणून आम्ही दोघी वाचलो." मागच्या महिन्यात तिने पोरीला माझ्या पाया पडायला लावलं. मी वाजवतच नव्हतो गं, असं अगदी तोंडावर आलं होतं. पण मग कोण वाजवत होतं, असं तिने विचारलं असतं, म्हणून मी गप्प बसलो.