सरकाकांची चौकट

३ फेब्रुवारी २०१४. या तारखेच्या एका कौटुंबिक फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने आपणहून नोंदवले आहे, की लेन्स पन्नास मिलिमीटरची होती. फोटोच्या दोन्ही कडांना धूसर तपकिरी पट्टे आहेत. त्याआधीच्या एकाही फोटोत ते सापडत नाहीत.

फोटो सरकाकांनी काढलेला. स्टुडिओतल्या बाकावर माणसे बसली की ते "सरका, जरा सरका" म्हणत; 'सरका' आणि 'काका' एकत्र होऊन हे नाव पडले. जमिनीत त्यांनी एक पितळी खिळा ठोकला होता. डावी टाच त्या खिळ्यावर आणि हातात पन्नासची लेन्स लावलेला फिल्मचा कॅमेरा असला, की बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत नेमका मावे. तिपाई त्यांना चालत नसे. कॅमेरा हातात असेल तरच समोरच्यांशी बोलता येते, असे त्यांचे मत होते.

फिल्म मिळेनाशी झाली, त्याच सुमारास त्यांचे उजवे मनगट अधू झाले. मुलगी त्यांना कॅमेऱ्यांच्या दुकानात घेऊन गेली.

"फुल फ्रेमच घ्या काका, पूर्ण चौकटीचा," विक्रेता म्हणाला. "तुमची लेन्स पूर्वी जेवढं बघायची तेवढंच बघेल. क्रॉपच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असतो तो सेन्सर लहान. तो मधलंच तेवढं घेणार."

काकांनी मोठा कॅमेरा डोळ्यांपर्यंत नेला. मनगट थरथरू लागले. मुलीने तो अलगद काढून घेतला आणि हलका, क्रॉपचा कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला. हात स्थिर राहिला.

"म्हणजे कडेची माणसं कापायची?"

"सरकवा की! आयुष्यभर दुसरं केलंय काय तुम्ही, बाबा?"

त्या कॅमेऱ्यासमोर पहिले कुटुंब बसले, तेव्हा सासू एका टोकाला होती आणि सून दुसऱ्या.

"सरका, जरा सरका."

"आणखी सरकले तर सुनेच्या मांडीवर बसेन हो!" सासूबाई म्हणाल्या.

अख्खा बाक हसला. तरीही खिळ्यावरून दोघी अर्ध्याच दिसत होत्या. काकांनी कॅमेरा खाली घेतला.

"पुरे झालं माझं. तू काढ, पोरी."

तिने कॅमेरा घेतला असता, तर त्यांनी तो पुन्हा हातात धरला नसता. हे तिला ठाऊक होते. तिने त्यांच्या पाठीमागचे दार उघडले.

"आज तुम्ही सरका."

हे वाक्य आपणच ओरडून सांगितले, असा समोरच्या दुकानातल्या शिंप्याचाही दावा आहे. कोणाचे खरे, ते ठरवण्याजोगा पुरावा नाही. काका मात्र मागे मागे जात उंबरठा ओलांडून थेट शिंप्याच्या पायरीपर्यंत पोचले. वाऱ्याने दार आपटत होते, ते मुलीने धरून ठेवले.

"मावले सगळे!" काका बाहेरून म्हणाले. "आणि पूर्ण चौकट हवी होती ना? आली बघ. दाराची!"

तपकिरी पट्टे त्या चौकटीचे आहेत.

पुढे मुलीने आणखी रुंद बघणारी लेन्स आणली. तिच्यामुळे खिळ्यावरूनही सगळे मावले असते. काकांनी ती एकदा लावली, "बरी आहे," म्हणाले, आणि पन्नासची घेऊन पुन्हा बाहेर गेले. शेवटपर्यंत त्यांनी मोठ्या कुटुंबांचे फोटो पायरीवरूनच काढले. त्या प्रत्येक फोटोत डाव्या पट्ट्यावर मुलीची चार बोटे दिसतात. दार अडकवायला नंतर आकडा बसला, तरी बोटे आहेतच.

एरवी कडेला चुकून आलेले कोणाचे कोपरही काका चालवून घेत नसत. ही बोटे त्यांच्या नजरेतून सुटत होती, की त्या बोटांसाठीच ते बाहेर जात होते, हे अद्याप समजलेले नाही. मुलीने त्यांना ते कधी विचारले नाही.