दरीतून वर येणारी लॉरी

बहारीनला, मनाम्यात आमच्या खोलीवर दर शुक्रवारी व्हिडिओवर एकच जुना इंग्रजी सिनेमा लागायचा, कारण आमच्यातल्या दापोलीच्या लॉरी ड्रायव्हरला तोच हवा असायचा. त्यातली ब्रिटिश लॉरी थेट तो चालवायचा तसलीच होती. शेवटी ती दरीत कोसळून पेटायची. मग आमचा ड्रायव्हर चित्र चालू ठेवूनच कॅसेट मागे फिरवायचा. आग विझायची, लॉरी उडत उडत घाटावर यायची, मेलेला ड्रायव्हर पुन्हा सिगरेट ओढू लागायचा. मगच टीव्ही बंद.

एकदा लॉरी दरीत असतानाच वीज गेली. तळलेले मासे गार होत होते, पण हा जागचा हलेना.

"भाऊ, सिनेमा आहे तो," मी म्हटलं. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए., असली खुळं मला पटत नाहीत.

"तुमचं बरंय. उद्या सित्र्याला लॉरी मला न्यायचीय. तो खाली जळतोय आणि मी जेवू?"

मग कुणीच जेवेना. सगळे घामाघूम होऊन बसलो. अखेर वीज आली, लॉरी दरीतून उठली आणि खोलीभर टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्यांदा मी ओरडत होतो, "यल्ला, चल चल, वर घे, वर घे."