भिंगकाकांच्या खिडकीतली बाई

भिंगकाका भिंतीसमोर उभे राहिले की दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, जसे आपण साहेबासमोर उभे राहतो. गळ्यात शाळेच्या ओळखपत्राच्या दोरीला बांधलेलं भिंग, पायजम्याला नेहमी कुठली तरी कुसळं चिकटलेली. आमच्या मांजर्लीच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त लाइटबिलावर होतं.

मी इथे राहायला आलो त्या आठवड्यात ते कंपाउंडच्या भिंतीपाशी उकिडवे बसलेले दिसले. म्हाताऱ्या माणसाचं काही पडलंय, या कळवळ्याने मीही शेजारी बसलो आणि चांगली दहा मिनिटं गवत चाचपलं. शेवटी विचारलं, "काका, काय हरवलंय?"

"माझं? काही नाही. मला वाटलं, तुझंच काही हरवलंय."

मग त्यांनी आंब्याच्या पानावरची एक तांबडी मुंगी दाखवून विचारलं, "ही कोण?" मी बी.एस्सी. असल्याच्या तोऱ्यात म्हणालो, "मुंगी." म्हणाले, "पाय मोज." मोजले, सहा. "पुन्हा मोज. मिशा म्हणून हलवतेय ते पुढचे दोन पायच आहेत. कोळी आहे तो, मुंगीचं सोंग घेतलेला." माझी पदवी त्या पानावरच गळून पडली.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. माल पास करायचा की नाकारायचा, एवढंच छत्तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर नाकारायचं सोडून दिलं, असं ते म्हणत. त्यांचा एक नियम होता : "पहिल्या दिवशी नुसतं पाहायचं. नाव दुसऱ्या दिवशी. आधी नाव कळलं की माणूस पाहायचं थांबवतो." काकू गेल्यावर तळमजल्याच्या त्या दोन खोल्यांत ते एकटेच होते. मुलगी पुण्याला.

एका पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी सोसायटीत शिरलं. मी डोक्यावर मिक्सर घेऊन जिन्याकडे धावत होतो. टीव्ही आधी न्यायचा हे मला नंतर सुचलं. काका गुडघाभर पाण्यात भिंतीकडे तोंड करून उभे. भिंतीवरून शेकडो कोळी वर चढत होते. "बघ," ते म्हणाले, "यांनी सामान काही घेतलं नाही." वॉचमन ओरडला, "साहब, ऊपर जाओ ना, पानी बढ रहा है!" काकांचा फ्रिज मात्र त्या दिवशी गेला.

त्यांच्या खिडकीच्या ग्रिलबाहेर, जास्वंदीला धरून, एका कोळिणीने जाळं विणलं होतं. जाळ्याच्या मधोमध नागमोडी पांढऱ्या रेघांची फुली आणि फुलीवर ती, डोकं खाली करून. काका तिला 'बाई' म्हणायचे. सकाळचा चहा तिच्यासमोर. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "हल्ली ती धुक्यात बसल्यासारखी दिसते," म्हणाले. ऑपरेशनला मुलीकडे निघाले तेव्हा किल्ली माझ्याकडे दिली. "तुळशीला पाणी घाल. बाईकडे रोज एक नजर टाक. नव्या डोळ्याने पहिलं तिलाच बघणार आहे."

आठ दिवस मी इमानाने नजर टाकली. मग दसरा आला. माझ्या डोक्यात आलं, काका परत येतील तेव्हा घर कसं लखलखीत पाहिजे! लांब दांड्याचा झाडू घेतला, छत झाडलं, कोपरे झाडले. दसऱ्याआधी जळमटं काढायची सवय हाताला लहानपणापासून. त्याच झपाट्यात खिडकी उघडली आणि ग्रिलच्या बाहेरूनही झाडू फिरवला. झेंडूचं तोरण बांधताना लक्षात आलं. झाडूला ती पांढरी फुली गुंडाळलेली होती. बाई कुठेच नव्हती. टॉर्च घेऊन मी जास्वंदीचं पान न् पान उलटलं.

काका आले, काळा चष्मा काढला आणि हात मागे बांधून खिडकीशी उभे राहिले. बराच वेळ. मी म्हणालो, "काका, ती आपणहून गेली हो, परवाच." ते म्हणाले, "असेल. घर छान दिसतंय." चहा घेताना त्यांनी पाठ खिडकीकडे केली होती.

दोन महिन्यांनी मुलीने त्यांना कायमचं पुण्याला नेलं. अकराव्या मजल्यावर, बंद काचांच्या घरात. दर रविवारी दहा वाजता फोन यायचा : "तुझ्या खिडकीत कुणी आलं का रे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आली ना काका! आपली बाईच!" मग काय, दर रविवारी मला तिची खुशाली रचावी लागे. कधी तिने माशी पकडली, कधी टोळ. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "मेलेल्या कोळिणीला किती जेवायला घालाल?"

पुढच्या जून महिन्यात मी तिचं नवीन जाळं वर्णन करत होतो, तेव्हा काका हसले. "लेका, एवढं तिच्या जातीचं आयुष्य नसतं. दिवाळीच्या पुढेमागे अंडी घालून ती संपते."

"म्हणजे तुम्हाला..."

"झाडूचंही ठाऊक होतं. दारामागेच तर ठेवला होतास. धागा होता त्याला. नव्या डोळ्याने पहिला तोच पाहिला."

"मग इतके महिने विचारत का होतात?"

"तू सांगायचास ना," ते म्हणाले. "इथे भिंतीवर काही चढत नाही रे."

त्यानंतरही ते विचारत राहिले आणि मी खरं सांगू लागलो : "आज कुणी नाही, काका." तेवढ्यावर आम्ही अर्धा तास बोलायचो. श्रावणात एका रविवारी फोन आला तो मुलीचा होता.

काल आमच्या खिडकीत एक आली. पांढरी फुली, डोकं खाली. दसरा चार दिवसांवर आलाय. बायकोने झाडू आणला, माझ्याकडे पाहिलं आणि तसाच आत घेऊन गेली. मी हात मागे बांधून उभा राहिलो. पहिला दिवस होता, नुसतं पाहिलं.

आज रविवार. दहा वाजून गेलेत. तिचं नाव मला ठाऊक आहे, आणि ते कुणाला सांगायचं ते कळत नाही.