घासलेलं तांबं

निरवांगीच्या एका घरात तीन मुलींवर चौथी मुलगी झाली, तिचं नाव नकोशी ठेवलं. तिच्या पाठीवर रविराज जन्मला, तेव्हा घरच्यांना नावाचा गुण आला असं वाटलं. पुढे नकोशीला वडगाव निंबाळकरला दिली. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडली ती कायमचीच. गोठ्यालगतच्या खोलीत तिची सोय झाली. डाळिंबाच्या शेडवर फळं निवडायला ती जाई आणि मजुरी रविराजच्या हातात देई. त्यातलं थोडंसं तो तिला परत करी, चहापाण्याला म्हणून.

ती चहा पीत नसे. तिला शिवराईचा नाद होता.

नांगरटीत एकदा तिला तांब्याचं एक जुनं नाणं सापडलं होतं. बारामतीत म्हस्कूतात्या नावाचे एक म्हातारे तांब्यापितळेच्या मोडीचा व्यापार करत, त्यांना ते दाखवलं तेव्हा ती शिवराई असल्याचं कळलं. त्यांच्याकडे अशा नाण्यांचा एक डबाच होता. तेव्हापासून गाठीला पैसे जमले की ती एसटीने बारामतीला जाई आणि दुकानाच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसे. चांदीच्या नाण्याकडे ती बघतसुद्धा नसे. जेवढ्या पैशात झिजलेली पाच नाणी आली असती, तेवढ्यात ती एकच घेई. पण त्यावरचं ‘श्री राजा शिव’ बोटाला लागलं पाहिजे, कड शाबूत पाहिजे आणि अंगावर काळपट तपकिरी रंग चढलेला पाहिजे. घासून लखलखीत केलेलं नाणं फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही, असं तात्यांनीच तिला शिकवलं होतं. घासलं की वरचा थर जातो, अक्षर बोथट होतं आणि नाण्याला गिऱ्हाईक उरत नाही. फोनवर लाखाची बोली लावणारे सगळे चोर असतात, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. आधी फी मागतात आणि मग फोन बंद करतात.

घरात तिच्या नाण्यांत रस होता तो फक्त स्वरूपाला, रविराजच्या मुलीला. ती आत्याच्या खाटेवर पालथी पडून अक्षरं लावी. दोघींनी मिळून प्रत्येक नाण्याला कापसाची गादी केली होती. बारावीनंतर स्वरूपाला बारामतीत नर्सिंगला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाच्या फीची रक्कम रविराजने डाळिंबाच्या विक्रीच्या पट्टीतून बाजूला काढून ठेवली.

त्याच सुमारास रविराजच्या फोनवर एक व्हिडिओ आला. जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, फोटो पाठवा.

नकोशी शेडवरून परतली तर अंगणात माधवी, तिची भावजय, घमेल्यात चिंच आणि मीठ घेऊन बसली होती. शेजारी फडक्यावर जवळजवळ सगळ्या शिवराया वाळत घातल्या होत्या, नव्या भांड्यासारख्या गुलाबी. रविराज त्यांचे फोटो काढत होता.

नकोशी खाली बसली. एक नाणं उचलून तिने अंगठा फिरवला. अक्षर सपाट लागलं.

“मला इचारायचं तरी,” ती म्हणाली.

“काय इचारायचं?” रविराजने फोनवरून नजर काढली नाही. “खातीस हितं, ऱ्हातीस हितं. ह्या घरात तुझं येगळं काय हाय?”

माधवीने उरलेलं नाणं घमेल्यात टाकलं. नकोशी उठून गोठ्यात गेली आणि म्हशीची धार काढायला बसली.

दोन दिवसांनी गोड आवाजाच्या एका माणसाचा फोन आला. नाणी त्याला फार आवडली होती. रक्कम त्याने अशी सांगितली की रविराजने ती दोनदा विचारून घेतली. फक्त आधी नोंदणीची फी भरायची होती. रविराज तसा भोळा नव्हता. रात्री जेवताना तो बहिणीला म्हणाला, “आक्का, तुला ह्यातलं कळतंय. हे खरं आसंल का?”

ती त्याच्या ताटात भाकरी वाढत होती. सगळं तिच्या ओठावर आलं होतं. मग तिला ते घमेलं दिसलं.

“तुला वाटतंय तर खरंच आसंल,” ती म्हणाली.

त्याने फी भरली. मग कर भरला, मग विमा भरला. प्रत्येक वेळी तो बहिणीच्या तोंडाकडे बघे आणि ती मान हलवी. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिला काही विचारत होता, आणि तिला ते बरं वाटत होतं. पैसा कुठून जातोय हे तिने विचारलं नाही.

फोन बंद झाला तेव्हा कळलं. स्वरूपाच्या फीमधला रुपयाही उरला नव्हता.

नकोशी नाणी घेऊन बारामतीला धावली. तात्यांनी एक नाणं उजेडात धरलं आणि खाली ठेवलं. “बाई, हे आता मोडीच्या भावानं जाईल.” त्यांनी सगळी तराजूत टाकली. आले ते पैसे तिने घरी येऊन स्वरूपापुढे ठेवले.

स्वरूपाने त्यांना हात लावला नाही. “आत्या, फोनवाला चोर हाय हे तुला ठावं हुतं. तात्यानं सांगितल्यालं तूच मला सांगितलं हुतंस.”

“व्हय.”

“मग?”

नकोशी त्या नोटा उगाच सारख्या करत राहिली. स्वरूपाने बापाला यातलं काही सांगितलं नाही. नकोशी रोज वाट बघत होती, की आज सांगेल आणि आज आपल्याला घराबाहेर काढतील. तसं झालं असतं तर तिला सुटल्यासारखं वाटलं असतं.

प्रवेशाची मुदत गेली. रिकामी पोर घरात कशाला ठेवायची म्हणून रविराजने वर्षाच्या आतच करमाळ्याकडचं स्थळ पाहिलं. हळदीच्या दिवशी बायकांनी आत्याला पुढे बोलावलं, तेव्हा स्वरूपा हळूच म्हणाली, “तिचा हात नको.” बायकांना वाटलं, टाकलेल्या बाईचा हात पोरीला नको असेल. त्यांना ते पटलं. नकोशी वाटी ठेवून मागे सरली.

आता स्वरूपा दिवाळीला येते, सगळ्यांशी हसून बोलते. आत्याने पाणी दिलं तर घेते, पण तिला ‘तुमी’ म्हणते. तुमी बसा, तुमी जेवा. सासरी गेल्यापासून पोरीला वळण लागलं, म्हणून माधवी शेजारणींना कौतुकाने सांगते.