बुधीबाईचं दुसरं खातं

“माजं पैसं तूच ठेवलंस काय, बाय?” बुधीबाईने काउंटरवर पासबुक आपटलं. डोंगरपाड्यावरची माणसं साहेबालासुद्धा अरे-तुरे करतात. त्याचा मला राग नव्हता. राग आला तो आरोपाचा.

पहिल्या लॉकडाऊनचे दिवस होते. मी पालघरच्या पूर्वेकडच्या एका लहान ब्रँचची मॅनेजर होते. सरकारने छोट्या शेतकऱ्यांच्या खात्यांत कोविडची मदत टाकली होती. बुधीबाईचं नाव यादीत होतं, समोर ‘जमा’ असंही लिहिलेलं. पासबुकात मात्र छदाम नाही. एसटी बंद असल्याने ती चालत आली होती, तीही तिसऱ्यांदा.

“एवढी घाई कसली?” मी वैतागून विचारलं.

“बियाण्याला ठेवलेलं भात खाल्लं आमी. काम नाय, मजुरी नाय, करायचं काय? आता पेरू काय, तुजी पावती?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. पेरणीला जेमतेम पंधरा दिवस उरले होते आणि बियाणंवाला रोखीशिवाय पिशवी हलवत नव्हता.

आता एक गोष्ट समजून घ्या. असे सरकारी पैसे नावावर येत नाहीत, आधार नंबरवर येतात. तो नंबर ज्या खात्याला शेवटी जोडला असेल, तिथे ते जाऊन पडतात. म्हणजे बुधीबाईचं आणखी कुठेतरी खातं असणार.

“दुसरं खातं? माजं? नाय बा!”

मी तिचा आधार नंबर टाकला. खातं निघालं. आमच्याच बँकेचं, बोईसर ब्रँचचं. पैसे तिथे सुखरूप होते. खातं उघडणाऱ्याचा एम्प्लॉयी नंबरही स्क्रीनवर होता. तो मी पुन्हा एकदा वाचला. नंबर माझाच होता.

तीन वर्षांपूर्वी मी बोईसरला ऑफिसर होते. एका कंपनीच्या गेटवर आम्ही खाती उघडायचा कॅम्प लावला होता. भातकापणी उरकली की डोंगरातली माणसं तिथे पॅकिंगच्या कामाला येत. ठेकेदाराने रांग लावली, आम्ही कशाला ते न सांगता धडाधड अंगठे घेतले आणि आधार जोडले. एका दिवसात इतकी खाती उघडली की मला प्रशस्तिपत्र मिळालं. पासबुकं छापून होईपर्यंत माणसं पाड्यावर परतली होती.

मी बोईसरला फोन केला. तिथला क्लार्क चुरी माझ्या हाताखाली शिकलेला.

“चुरी, कपाटाच्या खालच्या खणात रबरबँड लावलेला पासबुकांचा गठ्ठा आहे का बघ.”

“आहे मॅडम. टाकून देऊ का?”

“हात लावशील तर बघ!”

खातं इतकी वर्षं न वापरल्यामुळे बंद पडलं होतं. ते चालू करायला खातेदाराने बोईसरलाच जायचं, असा नियम. मी रिजनल मॅनेजरना फोन लावला.

“लॉकडाऊन उठू दे, मग बघू,” ते म्हणाले.

“सर, तोवर पेरणी उलटेल. तिचा अंगठा इथे घेते, कागद मेल करते. खातं मी उघडलंय, सहीही मीच करते.”

“अंगाशी आलं तर?”

“माझ्याच अंगाशी येईल ना, सर!”

शेवटी ते म्हणाले, “पाठवा.”

दुपारी पैसे बुधीबाईच्या हातात पडले. चूक कोणाची, ते मी तिला सरळ सांगितलं. माफीही मागितली. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग खो-खो हसत सुटली.

“म्हंजे तूच ठेवलंस की, बाय!”

मी बोईसरहून गठ्ठा मागवला. त्या खात्यांतही अशीच मदत अडकली होती. पाड्यापाड्यांवर माणसं शोधून पासबुकं पोचवली, अंगठे घेऊन खाती चालू केली. बहुतेकांची पेरणी साधली. दोघं मात्र फार उशिरा सापडले. त्यांची शेतं त्या वर्षी पडीक राहिली. त्यांचीही मी घरी जाऊन माफी मागितली.

ते प्रशस्तिपत्र अजून माझ्या घरी भिंतीवर आहे. मुद्दामच काढलेलं नाही. रिटायर होईपर्यंत नव्या ऑफिसरांना मी एवढंच सांगत आले: आधी पासबुक माणसाच्या हातात द्या, मग खातं मोजा.